ढोलकी लिहिली आणि पियानो वाजला: पर्कशन स्टाफची मांडणी मुळापासून

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण यातली प्रत्येक चूक माझ्या हातून कधी ना कधी झालेली आहे. इतरांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात मांडते. परदेशातल्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी तुम्ही म्यूझस्कोर ४ या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक समूहगान लिहिलंत. चार आवाज, कीबोर्ड, दोन व्हायोलिन, आणि खाली ढोलकी, ढोल, ताशा, झांज, टोल. त्यासाठी साधा स्टाफ (नोटा लिहायची पाच रेषांची ओळ) घेऊन त्यावर पॅलेटमधली पर्कशनची, म्हणजे तालवाद्यांची, क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची खूण) ओढून टाकलीत, तालाच्या नोटा भरल्यात, प्ले दाबलंत तर पियानो वाजला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून वाद्य बदलून ‘ड्रमसेट’ केलंत. आता काही नोटा बोंगोसारख्या वाजतात, काही चक्क शिट्टी मारतात आणि काही वाजतच नाहीत. शिवाय तुमच्याकडच्या ढोलकीवाल्या मुलाला बोल येतात, स्टाफ वाचता येत नाही. त्याच्या हातात काय द्यायचं, हा शेवटचा प्रश्न.

टिळा लावला म्हणून कुणी कीर्तनकार होत नाही. पर्कशनची क्लेफ हा तसाच टिळा आहे. ती फक्त कागदावर दिसते, आवाजाशी तिचा संबंध नाही. स्टाफ स्वराचा की बिनस्वराचा हे क्लेफ ठरवत नाही, त्या स्टाफला जोडलेलं वाद्य ठरवतं. वाद्य पियानो असेल तर क्लेफ कुठलीही लावा, पियानोच वाजणार.

शिट्टीचा उलगडाही सोपा आहे. तुम्ही ढोलकीच्या नोटा मधल्या रेषेवर लिहिल्या असणार. सगळेच तसं लिहितात. पियानोच्या स्टाफवर, ट्रेबल या नेहमीच्या क्लेफच्या हिशेबाने, मधली रेष म्हणजे बी. मिडीच्या भाषेत, म्हणजे नोटा आकड्यांत सांगायच्या संगणकी पद्धतीत, ती ७१ नंबरची नोट. वाद्य ड्रमसेट केल्यावर नोटेचं दिसणं-असणं बदललं, पण पोटातला ७१ हा आकडा तसाच राहिला. आणि ड्रमच्या आवाजांच्या प्रमाण यादीत ७१ वर आखूड शिट्टी आहे, ७२ वर लांब शिट्टी. पाचही रेषांच्या खालच्या सी वर जे लिहिलंत ते ६०, म्हणजे उंच बोंगो. वरच्या बी वर काही लिहिलं असेल तर ते ८३, आणि मूळ यादी ८१ लाच संपते, म्हणून ती नोट गप्प. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. तुम्ही दिलेले आकडे ते इमानाने वाजवतंय.

ही यादी १९९१ साली जनरल मिडी या नावाने ठरली. मिडीच्या १६ चॅनेलपैकी दहावा चॅनेल तालवाद्यांना राखीव, आणि त्यावर ३५ ते ८१ या आकड्यांना एकेक आवाज नेमलेला. ३६ बास ड्रम, ३८ स्नेअर, ४२ मिटलेली हाय-हॅट, ४६ उघडी हाय-हॅट, ४९ क्रॅश, ५४ खंजिरी, ५६ काउबेल, ६० ते ६४ बोंगो आणि कोंगा, ६५-६६ टिंबाले, ७५ क्लेव्हज, ८०-८१ ट्रँगल. त्यात ढोलकी नाही, तबला नाही, ताशा तर दूरच. लॅटिन अमेरिकेची वाद्यं पुष्कळ आहेत, हे आपलं नशीब. बोंगो-कोंगाही हातानेच वाजतात, त्यामुळे ढोलकीची कच्ची सोय त्यांच्यावर होते.

आता मुख्य गोष्ट. ही एकदा डोक्यात बसली की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अडणार नाही. पियानोच्या नोटेत दिसणं आणि वाजणं जोडलेलं असतं: नोट जितकी वर तितका स्वर उंच. तालवाद्याच्या स्टाफवर हे नातं तुटलेलं असतं. तिथे नोट कागदावर कुठे बसते, तिचं डोकं कसं दिसतं, काडी वर की खाली, कोणता आकडा वाजतो आणि कोणती कळ दाबल्यावर ती उमटते, या सगळ्या सुट्या गोष्टी आहेत. त्यांना बांधणारा एक तक्ता असतो आणि तो आपण भरायचा असतो. म्यूझस्कोरच्या जुन्या आवृत्त्यांत त्याला ‘एडिट ड्रमसेट’ म्हणत. ४.५ पासून खाली चौकोनी पॅडचं पॅनल येतं आणि तिथून ‘कस्टमाइझ किट’ उघडतं. नाव बदललं तरी तक्ता तोच.

म्हणून पहिलं काम: संगणक बंद करा आणि वहीत तक्ता काढा. खरंच सांगते. नोटा आपला आकडा पोटात धरून असतात. पन्नास मापं लिहून झाल्यावर ‘धा ६३ वर नको, ६५ वर हवा’ असं वाटलं आणि तक्ता बदललात, तर आधी लिहिलेले धा ६३ वरच राहतात. मग एकेक शोधत बसायचं.

ढोलकीसाठी माझा तक्ता सांगते, आवडला तर उचला. एका रेषेचा स्टाफ घ्यायचा. उजव्या हाताचे, शाईच्या पुडीवरचे बोल रेषेच्या वर. डाव्या हाताचे, धुमेवरचे बोल रेषेच्या खाली. दोन्ही हात एकदम पडतात ते धा आणि धि रेषेवर. वाचणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही, हात आपोआप कळतो. म्यूझस्कोरच्या तक्त्यात सगळ्यात वरची रेष म्हणजे ०, त्याखालची जागा १, वरची जागा उणे १. एकच रेष असल्याने ० म्हणजे तीच. तर ना आणि ती उणे १ वर, गे आणि क १ वर, धा आणि धि ० वर. एकाच जागेवरच्या दोघांना वेगळं ओळखायला डोकी बदलायची: क ला फुलीचं डोकं, कारण तो बंद आघात, ती ला त्रिकोणी. धि ला मी चौकटीचं डोकं देते.

आकडे नेमताना जनरल मिडीच्या यादीला धरून नेमते, म्हणजे स्वतःचे आवाज तयार होईपर्यंत निदान ऐकण्यासारखं काही वाजतं. ना ६० (उंच बोंगो), ती ६१ (खालचा बोंगो), क ६२ (दाबलेला कोंगा), धा ६३ (उघडा कोंगा), गे ६४ (खालचा कोंगा), धि ६६ (खालचा टिंबाले). धि फारसा जमत नाही, पण तालमीला चालतो. एका आकड्याला एकच ओळ मिळते हे लक्षात ठेवा. एकच आवाज दोन वेगळ्या डोक्यांनी दाखवायचा असेल तर दोन आकडे खर्च करावे लागतात.

सॉफ्टवेअरमधली कृती त्यामानाने किरकोळ. जुना स्टाफ दुरुस्त करत बसू नका, काढून टाका. वाद्यांच्या यादीतून नवा ड्रमसेट घ्या, नाव बदलून ‘ढोलकी’ करा, स्टाफ प्रॉपर्टीजमध्ये पाच रेषांची एक करा. रेषा कमी केल्या म्हणून नोटा आपोआप जागा बदलत नाहीत; त्या तक्त्यातल्या जागेवरच बसतात. पाच रेषांसाठीचा तक्ता तसाच राहिला तर नोटा रेषेपासून लांब हवेत तरंगतात. म्हणून आयता तक्ता पुसून आपला भरा आणि लगेच वेगळ्या फाइलमध्ये जतन करा. पुढच्या गाण्याला तोच उघडता येतो. त्याहून बरं म्हणजे तक्ते भरलेली एक रिकामी फाइल म्यूझस्कोरच्या टेम्प्लेट्सच्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायची. माझ्याकडे ‘लोकवाद्यं’ नावाची एक आहे, गेल्या कित्येक कामांत तीच चाललीय.

कळांचं म्हणाल तर जुन्या आवृत्तीत ए ते जी ही सातच अक्षरं मिळत. सगळ्यात जास्त येणाऱ्या बोलांना ती द्या, बाकीचे माऊसने टिपा.

ताशा, ढोल, झांज आणि टोल यांना एकाच किटमध्ये कोंबू नका. पाश्चात्य ड्रमसेट एक माणूस वाजवतो म्हणून तो एका स्टाफवर असतो. आपल्याकडे प्रत्येक वाद्यामागे माणूस वेगळा. वेगळी वाद्यं घेतलीत की मिक्सरमध्ये प्रत्येकाची आवाजाची पट्टी वेगळी मिळते आणि ज्याचा त्याचा कागद वेगळा छापता येतो. प्रत्येक वाद्याचा तक्ताही स्वतंत्र असतो, त्यामुळे ढोलकीचा ६० आणि ढोलाचा ६० यांचं भांडण होत नाही. ढोलाला एक रेष: टिपरूचा आघात वर, हाताची थाप खाली. कच्च्या आवाजाला ४१ हा खालचा फ्लोअर टॉम आणि ३५ हा बास ड्रम. ताशाला ६५, उंच टिंबाले. स्नेअरपेक्षा तो बराच जवळचा वाटतो. झांजेला उघडी हाय-हॅट ४६ आणि दाबलेली ४२. टोलाला ५३, म्हणजे राइडची घंटा. टोलाचा भारदस्तपणा तिच्यात नाही, पण ठोका कुठे आहे ते कळतं. पुढे कधी लेझीम लागली तर ५४ ची खंजिरी. घुंगरांचा आवाज मूळ यादीत नाही, तो यादीच्या नंतरच्या आवृत्तीत, जीएम२ मध्ये, ८३ वर आहे, त्यामुळे सगळीकडे वाजेल याची खात्री धरू नका.

नोटांची नावं आणि आकडे यांत घोळ कसा होतो ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी मी ढोलकीची मिडी फाइल आणि सोबत आवाजांची यादी एका स्टुडिओत पाठवली. यादीत लिहिलं होतं, ‘ना: सी ४’. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ६० म्हणजे सी ४. तिथल्या यंत्रात ६० म्हणजे सी ३. काही कंपन्या मधल्या सी ला तसं म्हणतात. तिथल्या माणसाने यादी पाहिली, फाइल ‘एक सप्तक खाली’ दिसली, म्हणून भलेपणाने सगळं वर सरकवलं. ६० चं झालं ७२. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा वगाच्या रंगात आलेल्या ठेक्यावर लांब शिट्ट्या चालू होत्या, चौकात हवालदार उभा असल्यासारख्या. चूक माझीच. तेव्हापासून कुठल्याही यादीत नोटेचं नाव लिहीत नाही, आकडाच लिहिते.

आता आवाजाकडे. बोंगोवर तालीम होते, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होत नाही. म्यूझ साउंड्स या म्यूझस्कोरच्या आवाजांच्या संग्रहात पाश्चात्य वाद्यवृंदाचे आणि मार्चिंग ड्रमचे आवाज उत्तम आहेत, पण ते त्यांच्या त्यांच्या वाद्यांसाठी बांधलेले आहेत, तुमच्या तक्त्यातल्या आकड्यांना ते ओळखतीलच असं नाही. ढोलकी गप्प झाली तर आधी मिक्सर उघडा (एफ १०) आणि त्या वाद्याचा आवाज ‘एमएस बेसिक’ (म्यूझस्कोरचा साधा, सोबत येणारा आवाजसंच) करून बघा. वाजली तर तक्ता बरोबर आहे, आवाजाची निवड चुकली होती.

खरा उपाय म्हणजे स्वतःचा साउंडफॉन्ट, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज आकड्यांवर बसवलेली फाइल. नाव भारी असलं तरी काम एका रविवारचं आहे. तुमचा ढोलकीवाला मुलगा आहेच. त्याला गाद्या-रजया असलेल्या खोलीत बसवा, माइक वीतभर-दीड वीत अंतरावर ठेवा आणि प्रत्येक बोल सुटा वाजवून घ्या. हलका, मध्यम, जोरात. प्रत्येकी तीन-चार वेळा. दोन आघातांमध्ये आस पूर्ण विरेपर्यंत थांबायला सांगा. मुलं इथेच घाई करतात. वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा, एमपी३ नको. एमपी३ मध्ये आघाताच्या आधी बारीकशी मोकळी जागा शिरते आणि ढोलकी कायम मागे पडल्यासारखी वाटते. तुकडे करताना सुरुवात अगदी आघातापाशी कापा.

मग पॉलिफोन हे साउंडफॉन्ट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात बसवताना चार ठिकाणी माणूस हमखास अडखळतो. एक, प्रीसेट (तुमच्या आवाजांचा संच) बँक १२८ मध्ये ठेवा. साउंडफॉन्टमध्ये तालवाद्यांची बँक तीच. दोन, प्रत्येक नमुन्याला, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तुकड्याला, एकच कळ द्या आणि त्याचा मूळ स्वर म्हणूनही तोच आकडा टाका. ना ६० वर ठेवला आणि मूळ स्वर दुसराच राहिला, तर तो ना उंदरासारखा किंवा रेड्यासारखा वाजतो. तीन, रिलीज, म्हणजे नोट संपल्यावर आवाज विरायला मिळणारा वेळ, वाढवा. नोट संपली की आवाज तोडायचा, ही यंत्राची सवय. तुम्ही टोलाला चतुर्थांश नोट लिहिलीत तर टोल एका ठोक्यात मरतो. टोलाला तीन-चार सेकंद, ढोलकीच्या उघड्या बोलांना एखादा सेकंद रिलीज द्या.

चौथी जागा ‘एक्सक्लूझिव्ह क्लास’ नावाची, आणि माझ्या मते ढोलकी-तबल्याच्या प्लेबॅकचा जीव तिथे आहे. एका वर्गातले दोन आवाज एकत्र वाजत नाहीत. नवा आला की जुना थांबतो. हाय-हॅट मिटली की उघड्या हाय-हॅटचा आवाज बंद व्हावा, यासाठी ही सोय नेहमी वापरतात. आपल्याकडे गे आणि क एकाच वर्गात घाला. गे चा घुमारा चालू असताना क आला की तो तिथेच दबतो, अगदी डाव्या हाताच्या तळव्याने दाबल्यासारखा. हे केलं नाही तर प्रत्येक गे दुसऱ्यावर चढतो आणि तिसऱ्या आवर्तनाला खाली नुसती गुणगुण उरते. धा चं काय? तो दोन हातांचा एकच नमुना. त्यालाही वर्गात घातलं तर पुढचा क उजव्या हाताची आसही खाऊन टाकतो, आणि ते कानाला लगेच खोटं लागतं. म्हणून मी धा बाहेर ठेवते आणि कापतानाच त्याची शेपटी थोडी आखूड करते. काही जण धा चा नमुना घेतच नाहीत, ना आणि गे एकत्र लिहितात. ते शास्त्रशुद्ध आहे, पण दोन सुटे नमुने अगदी एका क्षणी वाजले की धा कोरडा वाटतो. खऱ्या धा मध्ये दोन्ही पुड्या एकमेकींना हलवत असतात.

घुमारा घेतलेला गे, म्हणजे धुमेवर मनगट सरकवून वर चढवलेला, वेगळा रेकॉर्ड करून वेगळ्या आकड्यावर ठेवा. पिच बेंडच्या (स्वर सरकवायच्या) रेषा काढून तो बनवायच्या फंदात पडू नका, मी पडले होते.

हलक्या-जोरकस आघातांसाठी नमुने जोराप्रमाणे वाटायचे. मिडीत आघाताचा जोर १ ते १२७ मोजतात. म्यूझस्कोर ३ मध्ये पियानोची (वाद्य नव्हे, ‘हळू’ची) खूण ४९, मेझो पियानो ६४, मेझो फोर्टे ८०, फोर्टे (‘जोरात’) ९६, फोर्टिसिमो ११२ असे ठरलेले आकडे होते. त्या अंदाजाने मी हलका नमुना ६३ पर्यंत, मध्यम ६४ ते ९५ आणि जोरकस ९६ च्या पुढे लावते. मग कागदावर फोर्टे लिहिलं की फक्त आवाज मोठा होत नाही, आघाताचा पोतही बदलतो.

तयार साउंडफॉन्टची एसएफ२ फाइल म्यूझस्कोरच्या साउंडफॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये टाका, मिक्सरमध्ये ढोलकीच्या पट्टीवर जाऊन ती निवडा. झालं. मात्र ही फाइल तुमच्या संगणकावर आहे. गायकांना नुसती स्वरलिपीची फाइल पाठवलीत तर त्यांच्याकडे पुन्हा बोंगो वाजेल. त्यांना ऑडिओ काढून पाठवा.

सुराबद्दल. गाणं एक स्वर वर घ्यायचं ठरलं आणि तुम्ही ट्रान्सपोज केलंत तर आवाज, व्हायोलिन, कीबोर्ड सगळे सरकतील, ढोलकीचा स्टाफ हलणार नाही. ते बरोबरच आहे, नाहीतर पुन्हा शिट्ट्या. पण ढोलकीची शाई गाण्याच्या सुरात मिळवलेली असते. नमुने काळी एक ला मिळवलेल्या ढोलकीचे आणि गाणं काळी दोन ला गेलं, तर ना प्रत्येक समेवर टोचतो. पॉलिफोनमध्ये त्याच प्रीसेटच्या प्रती काढून अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर-खाली करून ठेवा: ‘ढोलकी काळी १’, ‘ढोलकी पांढरी २’ अशा नावांनी. दोन-तीन अर्ध्या स्वरांपलीकडे ताणू नका, खेळण्यातल्या ढोलकीसारखी वाजायला लागते. त्यापुढे ढोलकी पुन्हा मिळवून पुन्हा रेकॉर्ड करणंच बरं.

याच्या उलट टोकाला जलतरंग. आघाताचं वाद्य म्हणून कुणी तो ड्रमसेटच्या स्टाफवर लिहिलेला मी पाहिलाय. जलतरंग, काष्ठतरंग, तबलातरंग, टिंपनी यांना स्वर आहेत. ती साध्या ट्रेबल नाहीतर बेस स्टाफवरच लिहायची.

ताशाची तर्री, म्हणजे सलग झरझर आघात, ही वेगळी डोकेदुखी. नोटेच्या काडीवर तीन तिरप्या रेघा दिल्या की सॉफ्टवेअर त्या नोटेचे बत्तिसांश तुकडे करून वाजवतं. मिनिटाला १२० च्या लयीत ते सेकंदाला १६ आघात होतात, सगळे एकाच जोराचे, एकाच नमुन्याचे. शिलाई मशीन. तर्रीमध्ये दोन हातांचे आघात सारखे नसतात, तिला भरती-ओहोटी असते. म्हणून तर्री अख्खीच रेकॉर्ड करून एका आकड्यावर ठेवा, एका ठोक्याची आणि चार ठोक्यांची अशी दोनदा. लय बदलली तर ती थोडी लांब-आखूड पडते, पण गर्दीत ते खपतं. शिलाई मशीन खपत नाही. कागदावर मात्र तीन रेघांची खूणच दिसू द्या, वाजवणाऱ्याला ती कळते.

लय सरळ ठेवू नका हेही सांगून टाकते. केरव्यातले आठवे तंतोतंत सारखे वाजले की ठेका पाटीवर काढल्यासारखा वाटतो. सिस्टिम टेक्स्टमध्ये स्विंगची सोय आहे. तिथे ५० टक्के म्हणजे अगदी सरळ, ६७ म्हणजे जवळपास तिप्पटीचं झुलणं. मी ५३ ते ५५ च्या आसपास ठेवते. हे प्रमाण कानानेच ठरवा, आणि ती खूण सगळ्या वाद्यांना लागू होते हे विसरू नका. व्हायोलिनही झुलायला लागतील. बहुतेक वेळा ते चालतं.

आता तुमचा ढोलकीवाला. त्याला चौसष्ट मापांचा प्रत्येक आघात छापून देऊ नका. तो वाचणार नाही आणि वाचला तर वाईट वाजवेल. मी दोन स्टाफ ठेवते. एक यंत्रासाठी, ज्यात प्रत्येक बोल लिहिलेला असतो. तो कधी छापत नाही. दुसरा माणसासाठी: पहिल्या आवर्तनात ठेका पूर्ण लिहिलेला, पुढे ‘फिल विथ स्लॅशेस’ वापरून नुसत्या तिरप्या रेघा, आणि जिथे उठाण, तिहाई किंवा एकदम थांबणं आहे तिथे पुन्हा पूर्ण बोल. हा दुसरा स्टाफ मिक्सरमध्ये बंद ठेवायचा, नाहीतर पहिलं आवर्तन दुप्पट वाजतं.

बोल नोटांखाली ‘लिरिक्स’ म्हणून टाका. ठेका केरवा आहे, आठ मात्रा. चार-चारच्या मापात आठ आठवे: धा गे ना ती, न क धि ना. स्पेस दाबत गेलं की पुढच्या नोटेवर जाता येतं. न आणि ना यांना एकच नोट चालते, बोल फक्त लिहिण्यात वेगळा. तिरकिटसारखे बोल मध्ये हायफन देऊन फोडा. म्यूझस्कोरच्या नेहमीच्या एडविन फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून संगणक जो मिळेल तो फॉन्ट उचलतो आणि मात्रा कुठेही बसतात. स्टाइलमध्ये जाऊन लिरिक्सला देवनागरीचा चांगला फॉन्ट नेमून द्या. मी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट वापरते, बारीक आकारातही जोडाक्षरं उघडी राहतात. मापाच्या सुरुवातीला वर समेची फुली आणि पाचव्या मात्रेवर खालीचं शून्य टाका. भातखंडे पद्धतीच्या या खुणा मुलाला क्लासमध्ये भेटलेल्या असतात. बाकी स्टाफकडे त्याने पाहिलं नाही तरी चालतं. एवढ्यावर ही मुलं वर्षभरात काड्या-झेंडेही वाचायला लागतात, असा माझा अनुभव.

कधी रूपक लिहायची वेळ आली तर सात-आठचं माप घेऊन नोटांचे गट ३, २, २ असे पाडून घ्या. आपोआप पडलेले गट त्याच्या विभागांशी जुळतीलच असं नाही, आणि गट चुकला की वाचणाऱ्याची सम हरवते.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जायचा विचार असेल तर थोडक्यात. डोरिकोमध्ये हे काम सगळ्यात नीट होतं. तिथे एकच किट एका कागदावर पाच रेषांत आणि दुसऱ्यावर वेगवेगळ्या रेषांच्या जाळीत दाखवता येतं, पण सुरुवातीला डोकं धरून बसावं लागतं. सिबेलियसमध्ये रेषेवरची जागा आणि नोटेचं डोकं यांच्या जोडीवरून आवाज ठरतो. फिनालेची विक्री आणि विकास २०२४ मध्ये थांबवल्याचं कंपनीनेच जाहीर केलं, नव्याने तिकडे जाण्यात अर्थ नाही. एकाकडून दुसरीकडे म्यूझिकएक्सएमएल फाइल (स्वरलिपीच्या देवाणघेवाणीचा सामाईक प्रकार) नेताना तालवाद्यांचे स्टाफच सगळ्यात जास्त मोडतात. एक खाचखळगा माहीत असू द्या: त्या फाइलमध्ये बिनस्वराच्या आवाजांचे आकडे १ पासून मोजतात, मिडीत ० पासून. म्हणजे तुमचा ६० तिथे ६१ लिहिलेला असतो. फाइल उघडून तपासताना हे दिसलं तर ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका, तो बरोबर आहे. पण सगळीच ढोलकी एका आकड्याने सरकलेली ऐकू आली, तर कुठल्यातरी सॉफ्टवेअरने हे एकचं गणित चुकवलंय असं समजा.

शेवटी एक सवय. तक्ता भरून झाला की गाण्याच्या आधी एक जादा माप घाला आणि त्यात तक्त्यातला प्रत्येक बोल एकेकदा ओळीने लिहा. आवाज बदलला, फाइल दुसऱ्या संगणकावर नेली, आवृत्ती नवी आली की ते एक माप ऐकलं तरी काय बिघडलंय ते कळतं. छापण्याआधी तेवढं काढून टाका. एका शाळेच्या बँडच्या वेळी मी विसरले. तालमीला इशारा झाला आणि ढोलकीवर बसलेल्या आठवीतल्या मुलाने अतिशय गंभीर चेहऱ्याने ना, ती, क, धा, गे, धि असं एकेक वाजवून दाखवलं, आणि बाकीचा बँड त्याचं संपायची वाट बघत थांबला.